सार्वजनिक जागा कशाला म्हणायचे? कायद्यातली व्याख्या वाचायला शिकताना

रस्त्यावर एक खाजगी गाडी आहे. काचा वर केलेल्या, दारे आतून बंद, आत दोन माणसे. ही गाडी सार्वजनिक जागा आहे का?

बिहारच्या दारूबंदी कायद्याखालच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये उत्तर दिले : हो, सार्वजनिक रस्त्यावरून जाणारी खाजगी गाडी ही त्या कायद्यापुरती सार्वजनिक जागा आहे. अमली पदार्थांच्या कायद्याखालच्या हरियाणातल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले की रस्त्याकडेला उभी असलेली आरोपीची खाजगी जीप सार्वजनिक जागा या व्याख्येत बसत नाही, आणि आरोपी सुटले. न्यायालयाने मत फिरवले असे कुणाला वाटेल, पण तसे झालेले नाही. दोन्ही निकाल आपापल्या कायद्याच्या शब्दांना धरून आहेत. हे का आणि कसे, ते एकदा नीट उमगले की या विषयातले निम्मे काम झाले.

कायदा नव्याने शिकणारे, सभागृह किंवा संस्थेचा कारभार नुकताच हाती आलेले, बातमीदारी सुरू केलेले, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. पायऱ्या क्रमाने चढा. कुठे घाईचा मोह झाला, तर निदान पहिल्या तीन सोडू नका.

पहिली पायरी : कायदा कोणता, ते आधी ठरवा

‘ही सार्वजनिक जागा आहे का?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. ‘अमुक कायद्यासाठी ही सार्वजनिक जागा आहे का?’ असा तो विचारायला हवा. सगळ्या कायद्यांना लागू पडेल अशी एक व्याख्या भारतात नाही. कायद्यांतल्या सामायिक शब्दांचे अर्थ देणारा सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ उघडून पाहा. त्यात ‘सार्वजनिक उपद्रव’ सापडतो, ‘सार्वजनिक जागा’ सापडत नाही.

म्हणून प्रत्येक कायदा आपली व्याख्या आपल्यापुरती करतो, आणि त्यामागे त्याचा स्वतःचा हेतू असतो. धूम्रपानाच्या कायद्याला शेजारच्या माणसाच्या फुफ्फुसांची काळजी आहे. मोटार वाहन कायद्याला अपघातग्रस्ताच्या भरपाईची आहे. पोलीस कायद्याला सुव्यवस्था हवी, अपंगांच्या हक्कांच्या कायद्याला दारापर्यंत पोचणारा उतार हवा. जागा तीच असते, पण प्रत्येक जण तिच्याकडे आपल्या गरजेने पाहतो.

आता गाडीकडे परत या. बिहारच्या कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे लोकांना जिथे जाता येते ती जागा, मग ते हक्काने असो वा नसो, आणि मोकळी जागाही त्यात धरलेली. रस्त्यावरच्या गाडीपर्यंत पोचण्याची संधी लोकांना असते, एवढे त्या शब्दांना पुरले. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातल्या कलम ४३ चे स्पष्टीकरण वेगळे बोलते : सार्वजनिक वाहन, हॉटेल, दुकान किंवा लोकांच्या वापरासाठी असलेली अथवा लोकांना जाता येईल अशी इतर जागा. वाहनापुढे ‘सार्वजनिक’ हे विशेषण लावलेले आहे आणि जीप खाजगी होती. त्यामुळे प्रकरण कलम ४२ खाली गेले. तिथे झडतीपूर्वी मिळालेली माहिती लिहून ठेवण्यासारखी बंधने आहेत, ती पाळलेली नव्हती. एका विशेषणावर माणसांची सुटका झाली. व्याख्या शब्द न् शब्द वाचायची असते, ती यासाठी.

दुसरी पायरी : व्याख्या ‘म्हणजे’ने सुरू होते की ‘समावेश होतो’ने?

व्याख्या बहुतेक कायद्यांत कलम २ मध्ये असते, काहींत कलम ३ मध्ये. कायदा उघडला की थेट तिथे जा आणि पहिल्यांदा तिचे क्रियापद पाहा.

‘याचा अर्थ असा आहे’ असे लिहिले असेल तर कुंपण घातले गेले. बाहेरची गोष्ट सहसा आत येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ ची व्याख्या अशी सुरू होते : रस्ता, मार्ग किंवा इतर जागा, मग तिथून पलीकडे जाता येवो वा न येवो, जिथे जाण्याचा लोकांना हक्क आहे. शिवाय टप्पा वाहतुकीच्या गाड्या (वाटेत थांबत प्रवासी नेणाऱ्या बससारख्या) जिथे प्रवासी घेतात आणि उतरवतात ते थांबेही त्यात धरले आहेत.

‘यात समावेश होतो’ एवढेच लिहिले असेल तर दार उघडे आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (२०१२ पूर्वी तो मुंबई पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जाई) सांगतो की सार्वजनिक जागेत समुद्राची पुळण, प्रत्येक सार्वजनिक इमारतीचे किंवा स्मारकाचे आवार, आणि पाणी भरायला, धुवायला, आंघोळीला किंवा विरंगुळ्यासाठी लोकांना जाता येईल अशा सर्व जागा येतात. रस्त्याचा उल्लेख यात नाही. म्हणून रस्ता सार्वजनिक नाही असे मात्र नव्हे. रस्त्याची व्याख्या त्याच कलमात वेगळी दिली आहे, आणि शिवाय ‘समावेश’ हा शब्द मूळ अर्थाला धक्का न लावता त्यात भर घालतो. पुळण किंवा नदीकाठ यांबद्दल कुणी शंका काढू नये म्हणून ती नावे मुद्दाम लिहिलेली असतात.

तिसरा प्रकार मिश्र. सिगारेट आणि तंबाखू उत्पादनांचा २००३ चा कायदा, ज्याला सगळे कोटपा म्हणतात, त्याची व्याख्या तीन पावले टाकते. आधी ‘म्हणजे’ : लोकांना जिथे जाता येते ती जागा, हक्काने असो वा नसो. मग ‘समावेश’ : प्रेक्षागृह, रुग्णालय, रेल्वेची प्रतीक्षा खोली, उपाहारगृह, सरकारी कार्यालय, न्यायालय, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालय, सार्वजनिक वाहने आणि लोकांची ये-जा असलेल्या यांसारख्या जागा. शेवटी वगळणी : मोकळी जागा यात येत नाही. नवशिके बहुधा मधली यादी पाठ करतात आणि दोन्ही टोके विसरतात. वाद मात्र टोकांवरच होतो.

आणखी एक छोटे वाक्य कधीही ओलांडून जाऊ नका. व्याख्यांच्या कलमाच्या अगदी वर लिहिलेले असते : ‘संदर्भानुसार अन्यथा आवश्यक नसेल तर’. म्हणजे व्याख्या कायद्यात दिलेली असली तरी एखाद्या विशिष्ट कलमात तिचा अर्थ ताणायला किंवा आवळायला न्यायालयाला जागा ठेवलेली असते. पुढच्या पायरीवर ते दिसेल.

तिसरी पायरी : मालकी विसरा, राबता पाहा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. फाटकावर ‘खाजगी मालमत्ता’ अशी पाटी लावली की कायदा बाहेर थांबतो, अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत असते. पाटी मालकी सांगते. कायदा मात्र बहुतेक वेळा विचारतो की इथे लोक येऊ शकतात का.

संविधानाच्या मराठी प्रतीत अनुच्छेद १५ मध्ये ‘सार्वजनिक राबत्याच्या जागा’ असे शब्द आहेत. राबता हा शब्द मला फार नेमका वाटतो. जागा कुणाची, यापेक्षा तिथे कुणाची पावले पडतात, हे तो सांगतो.

राबत्याचेही दोन प्रकार आहेत. काही कायदे ‘जाण्याचा हक्क’ म्हणतात, काही ‘हक्काने असो वा नसो’ म्हणतात. चित्रपटगृहात तिकिटाशिवाय जाण्याचा हक्क कुणालाच नाही, तरी कोटपासाठी ते सार्वजनिक ठिकाण आहे, कारण तिथे नुसते जाता येणे पुरते. मोटार वाहन कायद्यात शब्द ‘हक्क’ असा आहे. मग कारखान्याच्या आवारात, पेट्रोल पंपावर किंवा खाजगी संकुलाच्या रस्त्यावर अपघात झाला तर काय?

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठापुढे, म्हणजे अनेक न्यायाधीशांच्या मोठ्या पीठापुढे, आला होता, तेव्हाच्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखाली. विमा फक्त सार्वजनिक जागेतल्या अपघातासाठी सक्तीचा, आणि ही जागा खाजगी, असा विमा कंपन्यांच्या बाजूचा युक्तिवाद असे. १९८८ मध्ये पूर्ण पीठाने निकाल दिला की विम्याच्या प्रकरणापुरते पाहता, खाजगी मालकीची असली तरी जिथे लोकांना जाता येते, मग ते मोकळेपणी असो किंवा कोणत्याही प्रकारे नियंत्रित असो, अशी प्रत्येक जागा सार्वजनिक धरायची. फाटक, पहारेकरी, नोंदवही, पास यांनी प्रवेश नियंत्रित होतो, तो संपत नाही. विम्याची सक्ती अपघातग्रस्ताला भरपाई मिळावी म्हणून केलेली. गाडीने माणसाला फाटकाच्या आत उडवले की बाहेर, यावर ती भरपाई अडू नये, हा त्यामागचा विचार. ‘संदर्भानुसार’ हा शब्द कसा जिवंत होतो ते इथे दिसते.

याच कायद्यातली एक बारीक नजर पाहण्यासारखी आहे. कलम ३ म्हणते, सार्वजनिक जागेत वाहन चालवायला परवाना हवा. कलम ३९ म्हणते, सार्वजनिक जागेत ‘किंवा इतर कोणत्याही जागेत’ चालवायच्या वाहनाची नोंदणी हवी. म्हणजे संसदेला जेव्हा जागेचा भेद नको होता, तेव्हा तिने तो शब्दांतच पुसला. दोन कलमे शेजारी ठेवून वाचायची सवय लावली की असे फरक आपोआप डोळ्यांत भरतात.

उलट बाजूही लक्षात ठेवा. सरकारी मालकी म्हणजे सार्वजनिक जागा, असेही नाही. सरकारी जागांवरचे अनधिकृत कब्जे काढण्याचा १९७१ चा कायदा ‘सार्वजनिक परिसर’ असा शब्द वापरतो आणि तिथे कसोटी खरोखरच मालकीची किंवा ताब्याची आहे. सरकारी निवासस्थानातली एखादी सदनिका त्या कायद्याखाली सार्वजनिक परिसर असू शकते, पण तिच्या बैठकीच्या खोलीत कुणीही उठून जाऊ शकत नाही. ‘परिसर’ आणि ‘जागा’ या दोन शब्दांची सरमिसळ करू नका.

क्लब, व्यायामशाळा, सभासदांपुरते सभागृह इथे पेच पडतो. अशा वेळी मी तीन गोष्टी विचारतो. सभासदत्व कुणालाही पैसे भरून मिळते का? पाहुणे आणता येतात का? जागा बाहेरच्यांना भाड्याने देतात का? यांतल्या एकाचे जरी उत्तर ‘हो’ आले, तरी ‘आमचे खाजगी आहे’ या बचावावर फार भरवसा ठेवू नये.

चौथी पायरी : छत आहे की नाही?

मोकळ्या जागेबद्दल कायदे एकमेकांशी सहमत नाहीत. कोटपा मोकळी जागा वगळतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये २०१० साली जी व्याख्या आली तिच्यात प्रेक्षागृहे, हॉटेले, मॉल, ग्रंथालये यांच्या बरोबरीने मोकळी मैदाने नावानिशी आहेत. हेही साहजिक आहे : धूर मोकळ्यावर विरतो, आवाज मोकळ्यावर पसरतो.

पण कोटपा वाचून तिथेच थांबलात तर फसाल. त्या कायद्याखालचे धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत. नियमांनी कामाची ठिकाणे, मॉल आणि चित्रपटगृहे व्याख्येत घातली आणि सांगितले की खुले प्रेक्षागृह, क्रीडागार, रेल्वे स्थानक, बसथांबा यांसारख्या लोकांच्या ये-जा असलेल्या जागा ‘मोकळी जागा’ म्हणून सुटणार नाहीत. म्हणजे मूळ कायद्याने सोडलेले बरेचसे नियमांनी परत धरले. कायद्याची व्याख्या वाचली की तिच्याखालचे नियम आणि अधिसूचना वाचल्याशिवाय मत देऊ नका.

जागा सांभाळणाऱ्यांसाठी इथे प्रत्यक्ष कामे आहेत. प्रवेशदारापाशी किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा, इथे धूम्रपान करणे गुन्हा आहे असे सांगणारा फलक लागतो. रक्षापात्रे, काड्यापेट्या, लायटर ठेवता येत नाहीत. ओढणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड आहे आणि जागेचा मालक किंवा व्यवस्थापकही जबाबदार धरला जातो. ३० किंवा जास्त खोल्यांचे हॉटेल, ३० किंवा जास्त आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते.

आवाजाचे आकडेही पाठ असलेले बरे. ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. खाजगी जागेसाठी ती सवलत ५ डेसिबलची आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. अपवाद आतल्या आत ऐकू जाण्यासाठी बंदिस्त सभागृहांचा, सार्वजनिक आणीबाणीचा, आणि राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत देऊ शकते त्या सवलतीचा.

पाचवी पायरी : जागेच्या आजूबाजूचे शब्द

‘सार्वजनिक जागेत’ आणि ‘सार्वजनिक जागेत किंवा तिच्या जवळ’ हे दोन वेगळे गुन्हे होऊ शकतात. भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहिता, २०२३ चे कलम २९६ पाहा. अश्लील कृत्य सार्वजनिक जागेत व्हावे लागते. अश्लील गाणे किंवा शब्द मात्र तिच्या जवळ उच्चारले तरी पुरते, कारण आवाज भिंत ओलांडतो. दोन्हींत इतरांना त्रास होणेही आवश्यक आहे.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियम, १९८९ तर ‘सार्वजनिक जागा’ हा शब्दच बाजूला ठेवतो. जातीवरून अपमान ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशा कोणत्याही ठिकाणी’ झाला पाहिजे, असे तो म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दोन्हींची गल्लत करू नका असे बजावले. घराबाहेरची हिरवळ खाजगी आहे, पण कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून ती दिसत असेल तर ती लोकांच्या दृष्टीतली जागा आहे. घराच्या आतसुद्धा, नातेवाईक आणि मित्र सोडून इतर लोक हजर असतील, तर कलम लागू शकते. २०२० च्या निकालात, चार भिंतींच्या आत आणि बाहेरचे कुणी हजर नसताना झालेला प्रसंग या कलमात बसत नाही, असे ठरले. तक्रार लिहून घेणाऱ्याने म्हणूनच ‘कुठे’ एवढेच विचारून थांबू नये. तिथे आणखी कोण होते, कुठून दिसत होते, कुठवर ऐकू जात होते, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. ते नसेल तर खऱ्या अन्यायाचा खटला पुढे लंगडा पडतो, आणि ते फार वाईट असते.

सहावी पायरी : व्याख्याच नसेल तर

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. सार्वजनिक जागेत मारामारी करून शांतता भंग करणे (कलम १९४), नशेत सार्वजनिक जागी गैरवर्तन करणे (कलम ३५५) असे गुन्हे तिच्यात आहेत, पण ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे काय ते तिने सांगितलेले नाही. तिने ‘लोक’ या शब्दाचा अर्थ तेवढा दिला आहे : लोकांचा कोणताही वर्ग किंवा कोणताही समाज त्यात येतो. म्हणजे सगळे गाव येत नसेल, एकाच वर्गातले लोक येत असतील, तरी ते ‘लोक’ आहेत.

अशा वेळी दुसऱ्या कायद्यातली व्याख्या उचलून इथे चिकटवू नका. ही चूक मी शिकणाऱ्यांच्या टिपणांत पुन्हा पुन्हा पाहतो. शब्दाचा रोजचा अर्थ, कलमाचा हेतू आणि त्या कलमावरचे निकाल, या तिघांच्या आधाराने चालायचे. कलम ३५५ मध्ये तर सार्वजनिक जागेबरोबर ‘जिथे जाणे हा अतिक्रम (हक्क नसताना घुसणे) ठरेल अशी जागा’ असेही आहे. दुसऱ्याच्या अंगणात शिरून धिंगाणा घालणाऱ्याला जागेच्या व्याख्येचा आडोसा मिळू नये म्हणून.

रस्ता अडवणे, धोकादायक बांधकाम यांबाबत दंडाधिकाऱ्याला आदेश काढता येतो तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या, कलम १५२ खाली, आणि तिथे छोटेसे स्पष्टीकरण आहे : राज्याच्या मालकीची जमीन, तळ ठोकण्याची मैदाने, आणि आरोग्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी मोकळी सोडलेली मैदाने हीसुद्धा सार्वजनिक जागा.

सातवी पायरी : कार्यक्रमाची जागा आणि परवाना

महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दोन शब्द जवळजवळ आहेत आणि अर्थ फार लांब आहेत. ‘सार्वजनिक करमणुकीची जागा’ म्हणजे जिथे संगीत, गायन, नृत्य, खेळ चालतात आणि लोकांना पैसे घेऊन किंवा पैसे गोळा करण्याच्या हेतूने आत सोडतात. नाट्यगृह, सर्कस, शर्यतीचे मैदान, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा ही नावे तिथेच लिहिलेली आहेत. ‘सार्वजनिक मनोरंजनाची जागा’ म्हणजे मात्र निवासी हॉटेल, लॉज, आणि मद्य पुरवणारे उपाहारगृह! १९५१ च्या या शब्दात मनोरंजन म्हणजे पाहुण्यांची उतरण्याखाण्याची सोय. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ मध्ये मनोरंजनाचा अर्थ पुन्हा आपल्या नेहमीचाच, म्हणजे प्रदर्शन, प्रयोग, खेळ. तिकीट लावून कार्यक्रम करायचा असेल तर पोलीस कायद्याच्या कलम ३३ खालचे परवान्याचे नियम आधी काढा आणि त्यातला शब्द कोणता ते पाहूनच अर्ज भरा.

आठवी पायरी : ही व्याख्या कुणाला आत घेते?

आतापर्यंत कोण अडचणीत येतो हे पाहिले. पण या व्याख्येचे मोठे काम दुसरेच आहे, आणि ते ज्याला जाणवले नाही त्याने हा विषय नुसता परीक्षेपुरता वाचला.

मुंबई विधिमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. नीट पाहा, ही सार्वजनिक जागेची व्याख्याच आहे, आणि तिची कसोटी खर्च कुणाचा ही आहे. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेले लोक चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्या वर्षीच नगरपालिकेने ठराव मागे घेतला, आणि डिसेंबरात काही सवर्णांनी दावा लावला की तळे सार्वजनिक नाही, खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना तिथे बंदी ही जुनी रूढी आहे. तळे खाजगी असल्याचा मुद्दा टिकला नाही. फार पूर्वापार चालत आलेली रूढीही सिद्ध झाली नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला तो १७ मार्च १९३७ रोजी. तळ्याचे पाणी सार्वजनिक आहे एवढे म्हणायला दहा वर्षे गेली.

संविधानाचा अनुच्छेद १५(२) वाचताना हे आठवावे. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीच्या जागा. आणि पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या किंवा जनतेच्या वापरासाठी दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, राबत्याच्या जागा. ‘अंशतः’ हा शब्द तिथे सहज आलेला नाही. थोडासा खाजगी पैसा घातला आणि जागा आपली केली, ही पळवाट त्याने बुजवली आहे. आणि दुकान, हॉटेल खाजगी मालकीचे असले तरी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून दारातून परतवता येत नाही.

हीच दिशा अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात पुढे जाते. तिथे ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे सर्वसामान्य लोक वापरतात ती सरकारी किंवा खाजगी इमारत : शाळा, कामाची जागा, बाजार, देऊळ, दवाखाना, न्यायालय, स्थानक. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला पायरीशी थांबवणारी इमारत खाजगी ट्रस्टची आहे, हे उत्तर तिथे चालत नाही.

आता एकच जागा घेऊन सगळे लावून पाहा

एका गृहनिर्माण संस्थेचे सभागृह आहे. सभासदांच्या बैठका तिथे होतात आणि रविवारी ते लग्नाला भाड्याने देतात. मागे वाहनतळ, समोर छोटी हिरवळ, बाजूला एक खोली.

लग्नाच्या दिवशी सभागृहात सिगारेट पेटली, तर कोटपा आणि त्याचे नियम लागू. मालकी संस्थेची आहे याने फरक पडत नाही. हिरवळीवर रात्री साडेदहाला ध्वनिवर्धक चालू राहिला, तर बंदिस्त सभागृहाचा अपवाद त्याला मिळत नाही. वाहनतळात मागे येणाऱ्या गाडीने पाहुण्याला धडक दिली, तर विमा कंपनीने ‘जागा खाजगी’ म्हटल्यास पूर्ण पीठाचा १९८८ चा निकाल हाताशी ठेवा. हिरवळीवर पाहुण्यांसमोर कुणाचा जातीवरून अपमान केला, तर प्रश्न ‘लोकांच्या दृष्टीस पडेल’ या शब्दांचा आहे, आणि कुंपणाबाहेरून दिसणे किंवा परके लोक हजर असणे, दोन्ही तपासायचे. दुसऱ्या रविवारी तिकीट लावून गाण्याची मैफल ठेवली, तर करमणुकीची जागा या व्याख्येचा विचार आधी. दारात तीन पायऱ्या असतील आणि उतार नसेल, तर २०१६ चा कायदा.

राहिली बाजूची खोली. वधूला कपडे बदलायला दिलेली. सभागृह त्या दिवशी पाच-सहा कायद्यांखाली सार्वजनिक आहे, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली ही खोली ‘खाजगीपणाची रास्त अपेक्षा करता येईल’ अशी जागा आहे. तिथे डोकावून पाहणारा किंवा मोबाइल रोखणारा कुणीही, सभागृह सर्वांना खुले होते असे सांगून सुटत नाही. सभागृह भाड्याने देण्यापूर्वी त्या खोलीच्या खिडकीला पडदा आणि दाराला आतून चालणारी कडी आहे ना, हे व्यवस्थापकाने स्वतः जाऊन पाहावे.